अस्वल आणि उकिरडा

अस्वल म्हटले की जुन्या माणसांना दरवेशी आठवतो. खांद्याला झोळी, हातात काठी आणि दोरीला बांधलेले अस्वल. तो गावात शिरला की पोरांचा घोळका मागे लागायचा. आया लहान लेकरांना कडेवर घेऊन पुढे यायच्या. दरवेशी अस्वलाचे चार केस उपटायचा आणि त्यांचा ताईत करून द्यायचा. लेकराला दृष्ट लागत नाही, असा समज होता. ती दोरी अस्वलाचे नाक टोचून ओवलेली असे, त्याचे सुळे पाडलेले असत, हे फारसे कोणी बघत नसे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तरी हे खेळ पुढे बरीच वर्षे चोरूनमारून चाललेच. मग काही संस्थांनी दरवेशी लोकांना दुसरा कामधंदा मिळवून दिला आणि एकेक अस्वल सोडवले. २००९ सालच्या डिसेंबरात खेळातले शेवटचे अस्वल सुटले, असे त्या संस्थांनी जाहीर केले.

दोरीचे अस्वल गेले. रानातले अस्वल आहे. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आहे, मेळघाटात आहे, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या जंगलांत आहे. रानात आहे तोवर कोणाची तक्रार नाही. पण काही गावांत ते आता घराच्या मागच्या बाजूला येते. रात्री भांड्यांचा आवाज होतो. सकाळी बघावे तर उकिरडा उकरलेला आणि पिंप आडवे पडलेले. मग गावात ओरड होते, ‘अस्वल माणसांवर चालून आलं!’

ते माणसांवर चालून आलेले नसते. ते खरकट्यावर आलेले असते. पण अंधारात माणूस आणि खरकट्यावरचे अस्वल यांची गाठ पडली तर माणसाचा जीव जातो, हेही खोटे नाही. म्हणून ही गोष्ट आपण जरा नीट समजून घेऊ.

आधी अस्वलाचे नाक. अस्वलाची नजर बेताची. नाक मात्र मोठे तिखट. आपल्याकडच्या अस्वलाचे मुख्य खाणे म्हणजे वाळवी आणि मुंग्या. वारूळ कितीही टणक असो, ते आपल्या बोटभर लांब नखांनी फोडते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी फू करून माती उडवते आणि मग वाळवी सूर्रकन ओढून घेते. हा आवाज रात्रीच्या शांततेत शंभर पावलांवर ऐकू येतो. याशिवाय बोरे, जांभळे, उंबरे, टेंभरे, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुले आणि मध. जमिनीखालच्या वाळवीचा ज्याला वास येतो, त्याला आपल्या उकिरड्यावरच्या आमटीभाताचा येणार नाही का?

आता थोडे लांब जाऊ. अमेरिकेत. तुम्ही म्हणाल, ‘तिकडचं आम्हाला काय करायचं?’ सांगतो. तिकडच्या डोंगरात हाच त्रास शंभर वर्षांपासून आहे. तिकडच्या लोकांनी आधी चुका केल्या, भरपूर केल्या, पण त्या लिहून ठेवल्या, मोजून ठेवल्या. दुसऱ्याला लागलेली ठेच बघून आपण शहाणे झालो तर आपला अंगठा वाचतो.

तिकडच्या अस्वलाला काळे अस्वल म्हणतात. ते आपल्या अस्वलाहून वेगळे आहे. त्याचे केस आखूड, स्वभाव भित्रा. तिकडे हिवाळ्यात सगळीकडे बर्फ पडते आणि खायला काही उरत नाही. म्हणून ते अस्वल गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत शिरून कित्येक महिने झोपून काढते. या झोपेला शीतनिद्रा म्हणतात. एवढ्या लांब उपासाची बेगमी अंगावरच्या चरबीत करावी लागते. म्हणून हिवाळ्याच्या आधी दोन-तीन महिने ते दिवसरात्र खात सुटते.

किती खाते? अन्नातली ताकद मोजायचे एक माप आहे, त्याला उष्मांक म्हणतात. शेतात राबणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे तीन हजार उष्मांक लागतात. त्या दिवसांत एक अस्वल दिवसाला वीस हजार उष्मांकांपर्यंत खाऊ शकते. म्हणजे सहा-सात गड्यांची भाकरी एकटेच खाते. रानातली बारीक बारीक फळे ओरबाडून एवढे पोट भरायचे तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आणि पुढेही राबावे लागते. आणि तिकडे एखाद्या घराच्या कचऱ्याच्या डब्यात काय असते? उरलेले मांस, पाव, तेल, साखर, पक्ष्यांना घालायचे दाणे. अर्ध्या तासात पोट भरते. एक किलो शेंगदाण्यांतच साडेपाच हजारांच्या वर उष्मांक असतात. मग अस्वल का येणार नाही? आपणसुद्धा आयते मिळाले तर सोडतो का?

कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचा डोंगरी मुलूख आहे. मोठमोठे कडे, धबधबे, देवदाराची झाडे. १८९० सालापासून ते रान सरकारने राखलेले आहे. दर साल लाखो लोक ते बघायला येतात, तंबू ठोकून राहतात. या रानात तीनशे ते पाचशे काळी अस्वले आहेत.

१९२० नंतरच्या वर्षांत तिथल्या कारभाऱ्यांनी एक अजब प्रकार सुरू केला. हॉटेलांचे उष्टे-खरकटे रोज एका ठरावीक जागी नेऊन टाकायचे. तिथे दिवे लावायचे. संध्याकाळी अस्वले जेवायला येत आणि माणसे समोर बसून बघत. आपल्याकडे लोक तमाशाच्या फडाला बसतात तसे. येणाऱ्यांना मौज वाटे. अस्वलांनाही काही वाईट वाटले नसेल. पण हळूहळू अस्वलांनी माणसांना ओरबाडायला सुरुवात केली, कारण माणूस म्हणजे खाणे, असे त्यांच्या डोक्यात बसले. १९४० साली हा खेळ बंद करण्यात आला.

खेळ बंद झाला, पण चटक बंद झाली नाही. अस्वले तंबूंत शिरू लागली. पुढे मोटारी वाढल्या. लोक खाण्याच्या पिशव्या मोटारीत ठेवून झोपत. मोटारीचे दार बंद असले तरी अस्वल काचेच्या वरच्या कडेत नखे घालते आणि दाराची अख्खी चौकट केळीचे सोपट सोलावे तशी वाकवून खाली ओढते. १९९८ हे साल सगळ्यांत वाईट गेले. त्या एका वर्षात योसेमिटीत दीड हजारांहून अधिक वेळा अस्वलांनी नासधूस केली, आणि त्यात बहुतेक मोडतोड मोटारींची होती. नुकसान सहा लाख डॉलरांच्या वर गेले.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. २००१ ते २००७ या वर्षांत कोणत्या तऱ्हेच्या मोटारी फुटल्या, याचा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. मोठ्या कुटुंबांच्या, मागे जास्त जागा असलेल्या मोटारी अस्वले निवडून फोडत होती! कारण काय असावे? त्या मोटारींत लहान पोरे असतात. पोरे खाऊ सांडतात, बिस्किटे चुरतात, दूध ओततात. तो वास गादीत मुरतो. म्हणजे पिशवी बाहेर काढली तरी मोटारच खाण्याच्या डब्यासारखी घमघमत राहते.

१९९९ पासून सरकारने या कामासाठी वेगळा पैसा दिला. दर तंबूच्या जागेजवळ, मोटारी उभ्या करायच्या जागेजवळ जाड लोखंडी पेट्या बसवल्या. अशा दोन हजारांहून अधिक पेट्या आज तिथे आहेत. नियम असा केला की खायचे सगळे, आणि ज्याला वास आहे ते सगळे, रात्री या पेटीत ठेवायचे. साबण, दात घासायची पेस्ट, डोक्याचे तेलसुद्धा. रखवालदार रात्री फेरी मारून बघत. कोणी नियम मोडला तर दंड. कचऱ्याचे डबेही बदलले. अस्वलांना हुसकून लावायचे उपाय, म्हणजे आरडाओरडा, रबराच्या गोळ्या, हेही चालू होते. पण आम्हाला विचाराल तर खरे काम केले ते पेट्यांनी. पुढच्या वीस वर्षांत ती नासधूस शेकडा ९० हून अधिक कमी झाली.

अस्वले खरोखर रानातले खाऊ लागली का, हे शास्त्रज्ञांनी कसे ताडून पाहिले माहीत आहे? केसांवरून. जनावर जे खाते त्याची खूण त्याच्या केसांत आणि हाडांत उतरते. संग्रहालयांत शंभर वर्षांपूर्वीच्या अस्वलांची कातडी आणि हाडे ठेवलेली होती. ती आणि आजचे केस ताडून पाहिले. १९९९ नंतर अस्वलांच्या पोटात जाणारे माणसाचे अन्न साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी होते तितक्यावर आले. दरवेशी केसांचा ताईत करायचा, शास्त्रज्ञाने त्याच केसांचा दाखला केला.

आता अस्वलिणीविषयी. अस्वलीण पिल्लांना वर्ष-दीड वर्ष बरोबर घेऊन हिंडते. कुठल्या झाडाला फळ कधी येते, ते ती त्यांना दाखवते. तिला कचऱ्याच्या डब्याची सवय असेल तर ती तेच दाखवते. योसेमिटीत याचाही अभ्यास झाला आहे. ज्या आया रानात चरत त्यांची पिल्ले मोठी होऊन रानात चरली. ज्या आया माणसांत येत त्यांची पिल्ले मोठी होऊन माणसांत आली. म्हणजे एका घरचे एका रात्रीचे खरकटे हे एका अस्वलापुरते नसते. त्याने पुढची पिढी शिकते.

आणि अशा अस्वलाचे शेवटी काय होते? त्याला गोळी घालतात. हे लपवायचे कारण नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो नावाच्या राज्यात १९८५ पासून बरीच वर्षे असा नियम होता की अस्वल पहिल्यांदा त्रास देताना सापडले तर त्याच्या कानात बिल्ला मारून लांब नेऊन सोडायचे, आणि दुसऱ्यांदा सापडले तर ठार करायचे. लांब सोडणे ऐकायला बरे वाटते. पण अस्वल शंभर शंभर किलोमीटर चालून परत येते. नाही आले तर जिथे सोडले तिथल्या गावाचा उकिरडा शोधते. बिल्ला लावलेल्या अस्वलाने असा काय गुन्हा केला होता? कोणाच्या तरी दाराशी झाकण न लावलेला डबा होता, एवढेच.

एकदम खाणे तोडले तर काय होते, तेही तिकडे झाले आहे. यलोस्टोन नावाच्या रानात मोठी, करड्या रंगाची अस्वले पिढ्यान्‌पिढ्या सरकारी उकिरड्यांवर जगत होती. १९७० च्या सुमारास ते उकिरडे थोड्या वर्षांत बंद केले गेले. हळूहळू बंद करा, असे काही शास्त्रज्ञ सांगत होते. ऐकले गेले नाही. भुकेली अस्वले तंबूंकडे वळली आणि पुष्कळ मारली गेली. १९७५ साली त्या जातीला धोक्यातली जात म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. आज ती अस्वले तिथे पुन्हा वाढली आहेत आणि रानातलेच खातात. पण मधली वर्षे फार वाईट गेली.

रानाचे झाले. वस्तीचे काय? कोलोराडोतच दुरँगो नावाचे डोंगरातले गाव आहे. अस्वले रात्री गल्ल्यांतून फिरत आणि दारचे डबे पाडत. २०११ ते २०१६ अशी सहा वर्षे तिथे शास्त्रज्ञांनी काम केले. गावच्या काही भागांत त्यांनी १,११० पक्के डबे फुकट वाटले. बाकीचे भाग तसेच ठेवले. पक्के डबे दिलेल्या भागांत अस्वलांनी कचरा उपसण्याचे प्रकार शेकडा ६० कमी झाले.

हा पक्का डबा कसा असतो? त्याच्या झाकणाची कडी एका खोबणीत आत लपवलेली असते. माणसाची बोटे आत जातात आणि कडी दाबतात. अस्वलाचा पंजा रुंद, नखे लांब, ती आत जात नाहीत. डबा पक्का आहे की नाही याची परीक्षा कोण घेते? अस्वलेच घेतात! यलोस्टोनजवळच्या एका प्राणिगृहात आईवेगळी किंवा रानात सोडता न येणारी मोठी अस्वले पाळलेली आहेत. नव्या डब्यात खाऊ भरून तो त्यांच्यापुढे टाकतात. एक तास झटापट करूनही डबा उघडला नाही तर तो पास. अस्वल वर चढून उड्या मारते, दातांनी कड उचकटते. पुष्कळ डबे नापास होतात.

दुरँगोत आणखी एक गोष्ट दिसली आणि आम्हाला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डबा देऊन भागत नाही. कडी लावावी लागते. काही घरे लावत, काही विसरत. गल्लीतल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक घरांनी कडी लावली तेव्हाच अस्वलांचे येणे कमी झाले. एका घराने लावली आणि शेजाऱ्याने नाही, तर अस्वल गल्लीत येतच राहिले. पाण्याच्या पाटासारखे आहे. एकाने बांध घातला आणि शेजाऱ्याने फोडला, तर पाणी दोघांच्याही रानात शिरते.

आता आपल्या देशात येऊ. राजस्थानात आबूचा डोंगर आहे. पुष्कळ मराठी माणसे तिथे सहलीला, दर्शनाला जातात. तिथे आपल्याकडचेच काळे, लांब केसांचे अस्वल आहे. रात्री ते डोंगरातून गावात उतरते आणि हॉटेलांमागच्या कचऱ्यात तोंड घालते. लोक खिडकीतून फोटो काढतात. काश्मीरात सोनमर्गला तांबडी अस्वले आहेत. थंड, उंच मुलखातली ही जात फार थोडी उरली आहे. तिथे अभ्यास करणाऱ्यांनी त्यांची विष्ठा तपासली. तीत काय सापडले? प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या भुकटीची आणि चॉकलेटची वेष्टने. आपण सहलीला जाऊन जे टाकून येतो ते कुठे जाते, त्याचे हे उत्तर.

छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात बागबहाराजवळ चंडीमातेचे देऊळ आहे. तिथे रानातली अस्वले येतात आणि भाविक त्यांना प्रसाद देतात, म्हणून ते देऊळ प्रसिद्ध आहे. विदर्भातही समईच्या तेलाच्या आणि खोबऱ्याच्या वासाने अस्वल देवळात शिरल्याच्या गोष्टी ऐकू येतात. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, आम्ही त्यात बोलणार नाही. पण रानातल्या अस्वलाला हाताने खायला घालणे हे ना माणसाच्या हिताचे, ना अस्वलाच्या. आज ते हातातले खोबरे घेते. उद्या हातात खोबरे नसेल तेव्हा ते काय घेईल?

आपल्या अस्वलात आणि अमेरिकेच्या काळ्या अस्वलात दोन मोठे फरक आहेत, ते ध्यानात ठेवा. एक, आपले अस्वल शीतनिद्रा घेत नाही. म्हणजे तिकडे हिवाळ्यात तरी लोकांना सुटका असते, इकडे बारा महिने काळजी. दुसरा फरक जिवाचा आहे. तिकडचे काळे अस्वल घाबरले तर बहुधा पळते किंवा झाडावर चढते. आपले अस्वल वाघांच्या रानात वाढलेले. ते दचकले तर पळण्याआधी अंगावर येते. नजर अधू असल्यामुळे आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा ते मागच्या पायांवर उभे राहून नखांनी डोके आणि तोंड फाडते. पाठीवर पिल्ले बसलेली अस्वलीण असेल तर विचारूच नका. ही जात माणसाला खात नाही. पण डोळे गेलेली, जबडा फाटलेली माणसे मध्य भारताच्या जंगली मुलखात पुष्कळ गावांत आहेत.

म्हणूनच आपल्या घरामागे अस्वलाची सवय लागू देणे तिकडच्यापेक्षा इकडे जास्त महाग पडते. रात्री लहान पोर उठून परसात जाते. बाईमाणूस पहाटे अंधारात भांडी घेऊन बाहेर पडते. आणि उकिरड्यावर पाठमोरे अस्वल बसलेले असते.

‘अहो, पण आमच्याकडं कुठला आलाय लोखंडी डबा?’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण आपल्याकडे एक सोय आहे जी शहरात नाही. जमीन आहे, आणि फावडे आहे. उकिरडा घरापासून लांब न्या आणि तो खड्ड्यात करा. शेणकेर, पालापाचोळा यांना अस्वल विचारत नाही. खरकटे मात्र उघडे टाकू नका. टाकले की वर चार फावडी माती आणि शेण ओढा. दोन दिवसांनी एकदा नव्हे, रोज, आणि अंधार पडायच्या आत. खत चांगले होते, माश्या कमी होतात, आणि वासही दबतो. गुराढोरांना घालता येईल ते खरकटे त्यांनाच घाला.

लग्नकार्यात आणि जत्रेत खरे पाणी मुरते. पाचशे पानांची पंगत उठते आणि पत्रावळी, भात, बुंदी, सगळे गावाच्या कडेला ओढ्यात फेकले जाते. एका रात्रीत तिथे कुत्री येतात, डुकरे येतात, रानालगतच्या गावात अस्वल येते. कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्याही येतो, हे जुन्नरकडच्या लोकांना सांगायला नको. पंगतीच्या आधीच खड्डा खणून ठेवावा. आचारी सांगताना खड्ड्याचेही सांगून ठेवावे. शाळेतल्या खिचडीचे उरलेलेही भिंतीपलीकडे फेकू नये. मेलेले ढोर खोल पुरावे.

घरात मोह, गूळ, मध साठवला असेल तर तो बंद कणगीत, डब्यात ठेवा. अंगणात वाळत घातलेली मोहफुले रात्री आत घ्या. मोहासाठी अस्वल कूड मोडायला कमी करत नाही. परसात एखादा दिवा असेल तर तो लावा, आणि रात्री बाहेर जाताना आधी हाक मारा, काठी आपटा, कंदील किंवा बॅटरी पुढे धरा. अस्वलाला आपण येत असल्याचे कळले तर शंभरातली बहुतेक वेळा ते आपणहून निघून जाते. ज्या घरात संडास आहे त्या घराचे निम्मे काम झालेले असते.

आता रानात जाताना. चैत्र-वैशाखात मोह वेचायला आपण पहाटे उठून निघतो, आणि अस्वलही मोहाखाली पहाटेच असते. दोघांचे काम एकच. म्हणून चांगले उजाडू द्या. एकट्याने जाऊ नका. चार-पाच जण मिळून, बोलत, गात जा. काठीला घुंगरू बांधा. बायका गाणी म्हणत मोह वेचतात, ती चाल फार चांगली आहे. दाट झुडपे, कपारी, ओढ्याच्या काठची भगदाडे, इथे अस्वल दिवसा झोपते. तिथे थांबून आधी आवाज द्या. सोबतचे कुत्रे पुढे सोडू नका. ते अस्वलाला उठवते, आणि मग घाबरून धावत आपल्याच पायांत येते.

अस्वल दिसले आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल, तर गुपचूप मागे फिरा. पाहिले असेल तर पळू नका. ते आपल्याहून जोरात धावते. झाडावर चढू नका, त्यालाही चढता येते. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. अंगावर आलेच तर जमिनीवर पालथे पडा, तोंड मातीत घाला, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून मान झाका. डोळे आणि तोंड वाचवायचे, हे पहिले. आपण हललो नाही तर ते बहुधा थोड्या वेळात सोडून जाते. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

जखम झाली तर हळद, राख, तंबाखू काही लावू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ फडक्याने दाबून धरा. मग सरळ दवाखाना. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यापासून होणारा रोग रानातल्या जनावरापासूनही होऊ शकतो. म्हणून त्याची सुई आणि जखमेत द्यायचे औषध, दोन्ही मागून घ्या. सुईच्या सगळ्या खेपा पुऱ्या करा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

एक गोष्ट कडक बोलावी लागते. काही ठिकाणी शेताच्या कुंपणाला घरच्या विजेची तार जोडतात. डुकरासाठी म्हणून जोडतात. तिला अस्वल चिकटते, शेजाऱ्याचा बैल चिकटतो, आणि दर साल कुठे ना कुठे तार लावणाऱ्याचाच मुलगा चिकटतो. हा गुन्हा आहे. अस्वल मारणे हाही मोठा गुन्हा आहे. कायद्याच्या पहिल्या यादीत, वाघाच्या पंगतीला अस्वल आहे.

अस्वल गावात अडकले असेल, विहिरीत पडले असेल, तर घेराव घालू नका. दगड मारणाऱ्या पोरांना आधी घरी पाठवा आणि त्याला जायला एक वाट मोकळी ठेवा. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा फोन क्रमांक आहे. त्यावर गावाचे नाव, तालुका आणि जनावर कुठे आहे ते सांगा. कोणी जखमी झाले किंवा दगावले तर सरकारकडून पैसे मिळतात. त्यासाठी वनरक्षकाला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावे लागतात. पंचनाम्यावर अंगठा उठवू नका. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, जागा आणि तारीख बरोबर आहे का ते बघा, आणि मग सही करा.